तिसरा कोन

सातवी-बला कोणीही काहीही शिकवू शकत असे, कारण त्या वर्गाला शिकवून घ्यायची सवय होती.

आमचं बी.एड. कॉलेज आणि ती शाळा एकाच ट्रस्टची. मध्ये फक्त सायकल स्टँड. सराव पाठ असला की आम्ही छात्रशिक्षक एका हातात गुंडाळलेला तक्ता आणि दुसऱ्या हातात पाठाचं टाचण घेऊन स्टँड ओलांडायचो आणि सातवी-बमध्येच शिरायचो. अ तुकडी हुशारांची, तिचा अभ्यासक्रम मागे पडलेला पालकांना चालत नसे. क तुकडीत बाकं कमी. उरली ब.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर तारीख लिहून वळले, तर दुसऱ्या बाकावरची दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी उभी राहिली.

"बेन, तुमचा पण त्रिकोणच का?"

"हो. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज."

"फाडायचा का मोजायचा?"

मला प्रश्नच कळला नाही. तिला ते कळलं. नवीन डॉक्टरला जुना रोगी सांभाळून घेतो, त्या सुरात ती म्हणाली, "फाडायचा असेल तर कपाटात रंगीत कागद आहेत, केयूरसरांचे उरलेले. मोजायचा असेल तर कोनमापकं मागच्या खणात. आणि चुकीचं उत्तर कोणी द्यायचं ते आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे मी त्याला सांगते."

ही खुशाली सनारिया, वर्गाची मॉनिटर. वडील टाइल्सच्या कारखान्यात पॅकिंगला. गुजरातेतल्या आमच्या मोरबीत अर्ध्या शाळेचे वडील टाइल्सच्या कारखान्यात असतात आणि उरलेल्या अर्ध्यांचे त्या टाइल्स विकतात.

"चुकीचं उत्तर मुद्दाम कशाला द्यायचं?" मी विचारलं.

"तुमच्या साहेबांच्या कागदावर तसा रकाना असतो ना. चुकीच्या उत्तराची हाताळणी. कोणी चुकलंच नाही तर तुम्हाला तिथे मार्क कुठून मिळणार?"

रकाना होता. मी टाचणात पाहिलं.

"बरोबर उत्तराला पेन्सिल चालते," खुशाली म्हणाली. "चुकीच्याला मोठं चॉकलेट लागतं."

"चुकीच्याला जास्त?"

"सगळ्यांसमोर ढ दिसायचं म्हणजे फुकट होतं का बेन?"

त्या दिवशी मी काही सुचेना म्हणून टाचणातलंच शिकवलं. रंगीत कागदाचा त्रिकोण फाडला, तिन्ही कोपरे शेजारी शेजारी चिकटवले, सरळ रेघ झाली. आणि सातवी-बने शोध लावला. पंचेचाळीस मुलांनी श्वास आत ओढला. मागच्या बाकावरून कोणीतरी "अरे वा" म्हणालं, ते अगदी वेळेवर. त्या वर्षात हा शोध त्यांनी चौथ्यांदा लावला होता, तरी चेहऱ्यावरचं आश्चर्य ताजं होतं. मी चॉकलेटं वाटली.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तीन वर्षं टाइल्सच्या लॅबमध्ये होते. टाइल काटकोनात आहे का, कुठे वाकली आहे, किती पाणी पिते, एवढंच बघायचं. काम वाईट नव्हतं. पण मला गणित शिकवायचं होतं. घरी ठरलं ते असं: एक वर्ष बी.एड.ला द्यायचं. ट्रस्टची पद्धत होती, गणिताच्या वार्षिक पाठात जो पहिला येईल त्याला जूनपासून ट्रस्टच्याच शाळेत घ्यायचं. पहिली आले तर शाळा, नाही तर परत लॅब. सासूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाळेत भट्टीची धूळ नसते ना?" नसते म्हटलं. "मग ये पहिली," त्या म्हणाल्या.

लॅबमध्ये एक गोष्ट माझ्या अंगात मुरली. दहा टाइल्सच्या नोंदी दहाही सारख्या आल्या, की त्या टाइल्स मोजलेल्या नसतात. त्या चहाच्या टपरीवर बसून लिहिलेल्या असतात.

त्यामुळे पुढच्या आठवड्यात सलग तास मिळाले तेव्हा मी सातवी-बला प्रत्येकी एक त्रिकोण काढायला लावला, कोन मोजायला लावले आणि बेरजा फळ्यावर लिहिल्या. एकशे ऐंशी. एकशे ऐंशी. एकशे ऐंशी. फळा भरला. कोनमापकं त्या खणातली, अर्ध्यांचे आकडे पुसलेले, एकाचा तर मधला बिंदूच तुटलेला. त्या मुलाचीही बेरीज एकशे ऐंशी.

"खुशाली, तू तिन्ही कोन मोजलेस?"

"दोन मोजले, बेन."

"आणि तिसरा?"

"तो वजाबाकीने." ती थोडी गोंधळली. "तिसरा कशाला मोजायचा? तो कुठे पळून जाणार आहे?"

"आणि ज्यांनी दोन पण मोजले नाहीत ते?"

वर्गात थोडी खुसफूस झाली. मागून आवाज आला, "साठ, साठ, साठ."

मुलांचं काही चुकत होतं असं नाही. कोणीतरी एकशे अठ्ठ्याहत्तर सांगितलं, की आधीच्या प्रत्येक छात्रशिक्षकाने त्याला "नीट मोज" म्हणून खाली बसवलं होतं. नीट मोजण्याचा अर्थ मुलं बरोबर समजली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवर एक पोतं आणलं. कारखान्याबाहेर फुटक्या टाइल्सचा ढीग असतो, त्यातून तीन कोपऱ्यांचे तुकडे वेचले आणि धार घासून घेतली. हे फाडता येत नाहीत. मोजावेच लागतात.

"हे आमच्या गच्चीवर आहेत, बेन," एकजण म्हणाला.

"मोजलेत का कधी?"

"गच्चीवर कोण मोजतं?"

मी सांगितलं की तिन्ही कोन मोजायचे, आणि जो आकडा येईल तो लिहायचा. एकशे ऐंशी आलं नाही तरी तोच. ज्याचं बरोब्बर एकशे ऐंशी येईल त्याला मी शेजारी उभी राहून परत मोजायला लावेन.

पहिले दोन तास काहीच नीट झालं नाही. त्यांना वाटलं ही नवी परीक्षा आहे आणि हिचं खरं उत्तर कपाटात आहे. तिसऱ्या तासाला भांडणं सुरू झाली. एकाच तुकड्यावरून दोघं: हा म्हणतो एकशे ब्याऐंशी, ती म्हणते एकशे एकोणऐंशी. "तू कोनमापक तिरकं धरतोस." "तुझा डोळा तिरका आहे." सात महिन्यांत त्या वर्गात गणितावरून झालेलं हे पहिलं भांडण. मी मध्ये पडले नाही. शेवटी सगळ्या बेरजा फळ्यावर मांडल्या: एकशे शहात्तरपासून एकशे चौऱ्याऐंशीपर्यंत, मध्ये गर्दी, कडेला तुरळक.

खुशाली बराच वेळ फळ्याकडे बघत होती. "एकशे ऐंशी फार थोड्यांचं आलं," ती म्हणाली. "पण सगळे त्याच्याच भोवती बसलेत."

ती नाटक करत नव्हती. नाटकातला तिचा आवाज मला तोवर पाठ झाला होता.

नेमके त्याच वेळी पंड्यासाहेब दारात आले. रसेंदुभाई पंड्या, आमचे गणित-अध्यापनाचे प्राध्यापक. त्यांनी फळा वाचला, ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत. मला व्हरांड्यात बोलावलं.

"बेन, हे काय आहे?"

"निरीक्षणं, साहेब."

"एकशे शहात्तर हे निरीक्षण नाही, एकशे शहात्तर ही चूक आहे. वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येणार. वसावडासाहेब. त्यांना फळ्यावर एकशे शहात्तर दिसलं तर ते काय म्हणतील?"

"कोणीतरी मोजलंय म्हणतील."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही हुशार आहात. म्हणूनच सांगतो. गणित म्हणजे टाइल्सचा कारखाना नव्हे. कागद घ्या, फाडा, चिकटवा. पस्तीस मिनिटांत शोध लागला पाहिजे. केयूरभाईंचा बघा, एकतिसाव्या मिनिटाला लागतो. चार मिनिटं गृहपाठाला उरतात."

केयूर गोहिल माझ्याच तुकडीत. मनाने चांगला मुलगा, अक्षर सुरेख. त्याचे मामा ट्रस्टमध्ये होते. ही गोष्ट तो स्वतः कधी बोलायचा नाही आणि बाकी सगळे त्याच्याआधी ती बोलून दाखवायचे. त्या संध्याकाळी स्टँडवर तो मला म्हणाला, "जल्पाबेन, एकदाच फाडून टाका ना. नोकरी लागली की मग आयुष्यभर मोजत बसा."

सल्ला वाईट नव्हता. मी घरी जाऊन रंगीत कागदाचा त्रिकोण कापलासुद्धा. मग त्याचे कोन मोजले. एकशे एक्याऐंशी आले. तो कागद मी तिथेच ठेवला आणि पोत्यातून दहा तुकडे निवडले.

वार्षिक पाठाच्या दिवशी वसावडासाहेब राजकोटहून सकाळच्या गाडीने आले आणि थेट प्राचार्यांच्या खोलीत गेले. तिथे गरम गाठिया, कच्च्या पपईचा परतलेला संभारो, तळलेल्या मिरच्या आणि रकाबीतला चहा होता. पंड्यासाहेबही आत होते. दार लावलेलं. बाहेर आम्ही तक्ते धरून उभे, आणि आतून मिरच्यांचा वास.

केयूरचा पाठ आधी झाला. शोध एकतिसाव्या मिनिटाला लागला. चुकीचं उत्तर ज्याने दिलं त्याने ते इतक्या खऱ्या वाटणाऱ्या घाबरेपणाने दिलं, की मला टाळी वाजवावीशी वाटली.

मग माझा. मुलं एकामागून एक पाणी पिऊन परत येत होती. खुशालीच्या गटाचा तुकडा व्हरांड्यात हातातून पडला, एवढा आवाज मी ऐकला. पाहायला वेळ नव्हता. वसावडासाहेब मागच्या बाकावर बसले, मांडीवर कागद, ओठांच्या कोपऱ्यात अजून गाठियाचा एक कण. त्यांच्या शेजारचं बाक खुशालीच्या गटाचं.

मी तुकडे वाटलेलेच होते. मोजा म्हटलं. मुलं मोजायला लागली, आणि फार शांतपणे. एकही भांडण नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

"हं, सांगा. पहिला गट?"

"एकशे ऐंशी, बेन."

"दुसरा?"

"एकशे ऐंशी."

तिसरा, चौथा, पाचवा. मी फळ्यावर लिहीत गेले. वळून पाहिलं तर खुशाली माझ्याकडे डोळे मिचकावत होती. तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. बेनची नोकरी आहे, आज कोणी काही भलतंसलतं बोलायचं नाही. त्यांना मी आवडत होते. एवढंच कारण.

वसावडासाहेब खूश दिसत होते. "स्थानिक साहित्य," ते पंड्यासाहेबांकडे झुकून मोठ्याने कुजबुजले, "आणि निष्कर्ष अगदी अचूक." दारात उभ्या पंड्यासाहेबांनी माझ्याकडे प्रथमच कौतुकाने पाहिलं.

"साहेब, आमचा बघा ना," खुशाली म्हणाली आणि तिने आपला तुकडा त्यांच्या हातात दिला. कागदावर बासष्ट, एकाहत्तर, सत्तेचाळीस. साहेबांनी एका कोपऱ्याला कोनमापक लावलं, मान डोलावली, मग कागदावरची बेरीज करून पाहिली. बेरीज बरोबर होती. "छान," ते म्हणाले.

मी बाकाजवळ गेले होते. तुकडा त्यांच्या हातात होता. आणि त्या तुकड्याला तिसरा कोपरा नव्हता. व्हरांड्यात पडला तेव्हा टोक उडालं होतं, अंगठ्याच्या रुंदीएवढं. तिथे आता लहानशी चौथी बाजू होती. परीक्षकाच्या हातात चौकोन होता आणि त्याची बेरीज एकशे ऐंशी आली होती.

बावीस मिनिटं झाली होती. शोध लागला होता. मी "शाब्बास" म्हटलं असतं, गृहपाठ दिला असता, तर जूनमध्ये हा वर्ग, ही शाळा, धूळ नाही. मला हे सगळं त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की खुशाली माझ्याकडे बघते आहे, तिचं काम चोख झालं आहे, आणि याच्यापुढे ती आयुष्यात एकही तिसरा कोन मोजणार नाही.

"खुशाली," मी म्हणाले, "तुझ्या तुकड्याला कोपरे किती?"

"तीन." मग तिने तो साहेबांच्या हातातून परत घेतला. पाहिला. "चार, बेन."

"बेरीज?"

"एकशे ऐंशी." तिने तुकडा फिरवून पाहिला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सत्तेचाळीसवाला कुठे गेला?"

वर्गात कोणीतरी फिसकन हसलं. वसावडासाहेबांनी कोनमापक बाकावर ठेवलं, त्याच्याशी आपला काही संबंध नसल्यासारखं.

"परत मोज," मी म्हणाले. "चारही."

ती मोजायला बसली. वेणी पुढे आली ती तिने मागे टाकली. पंड्यासाहेबांनी दारातून मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. शेजारच्या गटाने, सांगितलेलं नसताना, आपला तुकडा उचलला आणि तिसऱ्या कोपऱ्याला कोनमापक लावलं. मग पुढच्या गटाने. "आमचा एकशे अठ्ठ्याहत्तर आहे खरा," कोणीतरी म्हणालं, आणि एकदम सगळीकडे भांडणं सुरू झाली.

"बासष्ट," खुशाली म्हणाली, "एकाहत्तर, एकशे नऊ, एकशे पंधरा." तिने बेरीज केली, परत केली. "तीनशे सत्तावन्न. बेन, हे दुपटीच्या जवळ कसं काय गेलं?"

"तुला काय वाटतं?"

ती तुकडा डोळ्यांजवळ नेऊन बघू लागली. परीक्षक आहेत, पाठ चालू आहे, हे ती विसरून गेली होती. तिने पेन्सिलीने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तुकड्यावर रेघ ओढली. घंटा झाली तेव्हा ती रेघेच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवून "हा एक, आणि हा एक," असं पुटपुटत होती.

वसावडासाहेब उठले. "चौकोन हा पुढच्या वर्षीचा घटक आहे, बेन," ते सौम्यपणे म्हणाले. "आणि निष्कर्ष लागल्यावर तो असा मोडायचा नसतो."

शनिवारी निकाल लागला. केयूर पहिला, मी दुसरी. मला शेऱ्यात मिळालं: "घटकाची मर्यादा पाळावी. विद्यार्थ्यांत गोंगाट." केयूर माझ्याकडे बघेना. मी त्याचं अभिनंदन केलं, ते मनापासून केलं. एकतिसाव्या मिनिटाला शोध लावणं सोपं नसतं.

सामान न्यायला सातवी-बमध्ये गेले. खुशाली कपाट आवरत होती.

"आमच्यामुळे गेलं ना, बेन? मी तो तुकडा दाखवायलाच नको होता."

"चौकोन मीच काढला."

"नाही, पण तसं नाही ते." ती कपाटात डोकं घालूनच बोलत होती. "मी साहेबांच्या शेजारीच होते. तुम्ही तुकड्यांची मोजणी सांगितलीत ना, तेव्हाच त्यांनी कागदावर सगळ्यात खाली एकूण मार्क लिहिले. आणि मग वरचे रकाने भरत बसले. शेवटचा रकाना राहिला तो वजाबाकी करून भरला, बोटांवर. आम्ही करतो तसंच."

मी पोत्याचं तोंड बांधायचं थांबले. मोजणी सांगितली तेव्हा. म्हणजे चौकोनाच्या आधी, एकशे ऐंशीच्याही आधी. बहुधा गाठियांबरोबरच. मी त्या दिवशी कागद फाडला असता, फरशी फोडली असती किंवा नुसती फळ्याला टेकून उभी राहिले असते, तरी माझी बेरीज तेवढीच भरली असती.

"हसताय काय, बेन?" खुशालीने विचारलं.

"काही नाही. लॅबमध्ये असते तर तो सगळा माल परत पाठवला असता."

जूनमध्ये मी लॅबमध्ये परत गेले. सासूबाईंनी धुळीचं बोलणं पुन्हा काढलं नाही, फक्त संध्याकाळी दारात पाय धुवायला पाणी ठेवू लागल्या. टाइल्स मोजायच्या, वाकलेल्या बाजूला काढायच्या. पावसाळ्यानंतर एके दुपारी केयूरचा फोन आला. आता तो केयूरसर होता, खराखुरा, आणि सातवी-ब आठवीत जाऊन त्याच्याकडे होती.

"जल्पाबेन, तुम्ही या पोरांना काय करून ठेवलंय? उद्या तपासणी आहे. वसावडासाहेबच येतायत. चौकोन घेतलाय. एकजण तीनशे साठ म्हणायला तयार नाही."

"किती म्हणतात?"

"कोणी तीनशे छप्पन्न, कोणी तीनशे त्रेसष्ट. भांडतात. मी म्हटलं, अरे एक दिवस तीनशे साठ म्हणा, सगळ्यांना पेन्सिली देतो. तर ती खुशाली काय म्हणते माहितीये?"

"काय?"

"म्हणते, पेन्सिल बरोबर उत्तराला, सर. तीनशे साठ हवं असेल तर मोठं चॉकलेट लागेल."

माझ्या हातात कॅलिपर होता आणि त्यात एक टाइल अडकवलेली. मी टाइल सोडवली, खाली ठेवली.

"मग घेऊन जा ना," मी म्हणाले. "दर जुनाच आहे."